दाजींचं जाळं फाटलं नव्हतं

शाळेत दुसरीच्या वर्गावर होते. फळ्यावर बेरजा लिहून दिल्या होत्या आणि मुलं पाट्यांवर माना घालून बसली होती. तेवढ्यात खडोलीच्या कारखान्यातला एक ओळखीचा कामगार लुनावरून आला आणि वर्गाच्या दारात उभा राहिला. "बाई, चला. मास्टरना दवाखान्यात नेलंय," एवढंच म्हणाला, पण म्हणताना माझ्याकडे बघेना, फळ्यावरच्या बेरजांकडे बघत राहिला... आणि मला कळलं. मास्टर म्हणजे भास्कर, माझ्या थोरल्या बहिणीचे, निर्मलाताईचे यजमान. मी त्यांना दाजी म्हणायची. गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलेले असतानाच ते गेले होते. दवाखाना वगैरे नुसतं म्हणण्यापुरतं होतं. पन्नाशीसुद्धा पुरती ओलांडली नव्हती.

दहाव्याच्या आधीच कारखान्यात शोकसभा झाली. कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून सतरंज्या घातल्या होत्या. शेठ परगावी होते, त्यामुळे बोलायचं काम मॅनेजरसाहेबांकडे आलं. साहेब मूळचे पुण्याचे, भाषा स्वच्छ, आवाज सभेचा. ते म्हणाले, "भास्करराव म्हणजे चोख माणूस. सुपर कपच्या वेळची ती एक चूक सोडली, तर त्यांच्या हातून कधी खराब माल बाहेर गेला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मॅनेजरसाहेबांना वाटलं, आपण कौतुकच केलं. मी उठून उभी राहणार होते, पण शेजारी बसलेल्या ताईने माझं मनगट असं काही दाबून धरलं की बांगडी रुतली. तिच्यासाठी गप्प बसले. आता हे लिहिताना ती शेजारी नाही, तेव्हा जे तिथं बोलायचं राहिलं ते इथं बोलते. मेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती पाळणं मला जमणार नाही, वाचकांनी समजून घ्यावं.

दाजी भुसावळचे. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर वाढलेले, तिथं फुटबॉलमध्ये हाफबॅक म्हणून खेळायचे. ताईला बघायला आले तेव्हा आमच्या वडिलांनी विचारलं, आणखी काही विचारायचंय का? तर हे म्हणाले, "इथं जवळ ग्राउंड आहे का?" वडील बुचकळ्यात पडले. मी पडद्यामागून हसले ते त्यांनी ऐकलं, आणि तेव्हापासून आमची जी जुंपली ती शेवटपर्यंत. मी केलेल्या भाजीचा पहिला घास घेतला की म्हणायचे, "काय मेहुणीबाई, मिरच्या स्वस्त झाल्या वाटतं?" मी म्हणायची, तुमच्या खानदेशात याला गोड म्हणतात. ते जाळ्याला 'जायं' म्हणायचे, केळ्याला 'केयं'. शाळेतली मास्तरीण म्हणून मी त्यांना सुधारायला जायची आणि ते मुद्दाम दहा वाक्यांत दहा वेळा 'जायं' म्हणून दाखवायचे.

ऐंशी सालानंतर सिल्वासाला कारखाने उभे राहायला लागले, कर माफ होता म्हणून मुंबईकडचे शेठ इथं धावत सुटले, तेव्हा दाजीही आयटीआय संपवून इथं आले. कारखाना नायलॉनच्या सुताची मासेमारीची जाळी बनवायचा. उंबरगाव, डहाणू, दमणपर्यंतच्या कोळ्यांकडे माल जायचा. काही वर्षांत ते जाळी विभागाचे मास्टर झाले. मला सिल्वासाच्या मराठी शाळेत नोकरी लागली ती त्यांच्याच खटपटीने. आधी सिल्वासालगतच्या सामरवरणीत त्यांच्याकडेच राहिले, मग त्यांच्याच खोल्यांच्या रांगेतली शेवटची खोली मला मिळाली. सामरवरणी तेव्हा अर्धं शेत आणि अर्धं बांधकाम होतं. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला विटांचे ढीग, आणि मधल्या पडीक जागेवर रविवारचं फुटबॉल.

त्या फुटबॉलला खांब होते, जाळं नव्हतं. खडोलीकडच्या कारखान्यांतली पोरं एका बाजूला, सामरवरणीची दुसऱ्या बाजूला, त्यात धुळ्याचे, जळगावचे, बिहारचे, इथले वारली, सगळे. जाळं नसल्यामुळे प्रत्येक गोलवर भांडण. बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून, यावर एका रविवारी एवढी हाणामारी झाली की एकाच्या भुवईवर टाके घालावे लागले. दाजी त्या दिवशी घरी येऊन हातपाय न धुताच बसले होते. म्हणाले, "अरे, मागं एक जायं असतं तं कोणाले तोंडच उघडावं लागलं नसतं. जायं हाललं, गोल झाला. विषय संपला." पुढच्या रविवारी त्यांनी कारखान्यातून मासेमारीच्या जाळ्याचा एक वाया गेलेला तुकडा आणून खांबांना बांधला. तो इतका तलम आणि ढिला होता की जोरात मारलेला बॉल त्यात गुरफटून बसला आणि निघेना. गोलकीपर चाकू मागायला लागला. सगळं मैदान हसत होतं आणि दाजी सगळ्यात मोठ्याने हसत होते. पण सोमवारपासून ते डोक्यात घेऊन बसले. घरं केवढी हवीत, सूत किती जाड हवं, पावसात ताणलं गेलं तर काय, उन्हात किती टिकेल... जेवतानासुद्धा ताटाच्या कडेला भाताची शितं मांडून गाठी दाखवायचे. ताई वैतागून म्हणायची, "आधी गिळा ते, मग विणा."

अशी सुरुवात झाली. पहिलं नीट जाळं रविवारच्या मैदानाला, मग एका शाळेला, मग वापीच्या एका क्लबला. शेठना सुरुवातीला हा पोरखेळ वाटत होता. पण मुंबईच्या एका खेळसाहित्याच्या व्यापाऱ्याने माल उचलायला सुरुवात केल्यावर त्यांनाही फुटबॉल आवडायला लागलं. जाळी यंत्रावर व्हायची, पण कडेचा दोर हाताने ओवावा लागे, आणि ते काम आमच्या रांगेतल्या बायका घरी करायच्या. ताई, मी, आणखी पाचसहा जणी. संध्याकाळी ओट्यावर जाळं पसरून बसायचं, गप्पा मारायच्या आणि गाठी घालायच्या. दाजी प्रत्येक गाठ ओढून बघायचे. माझी एक सैल निघाली की म्हणायचे, "मेहुणीबाई, ही गाठ आहे का वेणी?" उलगडून परत घालायला लावायचे, मग मी शाळेतून कितीही दमून आलेली असो.

आणि मग नव्वदीच्या दशकात, उत्तरार्धात, ती ऑर्डर आली. देशातली लीग जिंकणारा संघ आणि बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकणारा संघ यांच्यात हंगामाच्या सुरुवातीला एकच सामना होतो, त्याला सुपर कप म्हणतात, हे मला दाजींनीच शिकवलं. त्या सामन्याची दोन्ही जाळी सिल्वासाहून जाणार होती. ज्या शहरात सामना झाला त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. शहराचा काही दोष नव्हता. ऑर्डर आल्याच्या दिवशी दाजी घरी पेढे घेऊन आले, आणि एरवी एक पेढा चौघांत वाटणारा माणूस त्या दिवशी रांगेत घरोघर पुडा घेऊन फिरला. त्या दोन जाळ्यांचं सूत त्यांनी स्वतः निवडलं. कडेच्या गाठी आम्ही घातल्या. त्या त्यांनी तीनतीनदा ओढून बघितल्या. पाठवायच्या आधी एक जाळं कारखान्याच्या आवारात टांगलं आणि विभागातल्या दोन धष्टपुष्ट पोरांना त्यावर लोंबकळायला लावलं. पोरं लोंबकळून दमली. जाळं जसंच्या तसं.

सामन्याच्या दिवशी दुपारी आमच्या रांगेतली सगळी माणसं ताईच्या खोलीत. टीव्हीपुढे गाठी घालणाऱ्या बायका, मागे पुरुष, खिडकीत पोरं. देशभर लोक बॉल बघत असतील, आम्ही जाळं बघत होतो. कॅमेरा गोलकडे गेला की बायकांत गलबला, ही माझी बाजू, ही तुझी. पहिल्या अर्ध्यात एका संघाने एक गोल केला आणि जाळं असं सुंदर फुगलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. गोल कुणी केला हे कुणालाच सांगता आलं नसतं. मध्यंतरात गोलमागे बसलेले फोटोवाले आपली स्टुलं उचलून दुसऱ्या टोकाला चालले. ज्या संघाचे फोटो हवेत तो संघ बाजू बदलतो, म्हणून हेही बदलतात, असं दाजींनी सांगितलं. आम्ही चहा ठेवला.

दुसऱ्या अर्ध्यात तो प्रसंग घडला. मागे पडलेल्या संघातला एक सडपातळ, काळासावळा पोरगा उजवीकडून आत घुसला आणि त्याने लांबूनच खाली फटका मारला. बॉल खांबाला अगदी चाटून गेला. जाळं हाललं नाही. बॉल मागे जाहिरातींच्या पाट्यांपाशी जाऊन थांबला. पंच लांब होता, त्याने बॉल बाहेर गेला असं हात करून दाखवलं, गोलकिक दिली. पोरगा डोक्याला हात लावून पंचाकडे धावला, निशाणवाल्याकडे धावला, सगळ्यांना जाळ्याकडे बोट करून काहीतरी सांगत होता. आमच्या खोलीत सगळे हळहळले, थोडक्यात हुकलं म्हणून. आणि एकटे दाजी ताडकन उठले. "गोल! गोल आहे तो!" टीव्हीपाशी गेले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "इथून गेला. आतून गेला. इथं जायं नाहीये. कापलंय कोणीतरी!" पुन्हा दाखवलं तेव्हाही मला नीट दिसलं नाही, कुणालाच दिसलं नाही. पण ते शपथेवर सांगायला लागले. पहिल्या अर्ध्यात तिथं एक फोटोवाला अगदी चिकटून बसला होता. जाळ्याचे धागे फोटोत येऊ नयेत म्हणून पंचाने जाळं तपासल्यानंतर त्याने तिथं खिडकीसारखं भोक कापलं असणार. तो स्वतः तिथं बसलेला होता तोवर कुणाला कळलं नाही. मध्यंतराला तो स्टूल घेऊन उठून गेला आणि खिडकी तशीच उघडी राहिली.

सामना त्या एका गोलने संपला. तो पोरगा मैदानावर आडवा पडून राहिला होता. खोलीतली माणसं उठली, चपला शोधायला लागली. आमच्यातली एक बाई दारात थांबून म्हणाली, "म्हणजे, आपल्याच जाळ्यातून गेला म्हणायचं?" दाजी म्हणाले, "फाटलं नाही वहिनी. कापलं." पण सकाळपर्यंत सामरवरणीपासून खडोलीपर्यंत जी बातमी पोचली ती पहिल्या वाक्याची. मास्टर स्वतःच म्हणाला, त्याच्या जाळ्यातून बॉल गेला... दुसरं वाक्य दारातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं. काय झालं ते दाजींनी संध्याकाळी ताईला आणि मला जसंच्या तसं सांगितलं. पेपरांत वाद सुरू झाला होता, बॉल आतून गेला की बाहेरून. सामना भरवणाऱ्यांचा शेठना फोन आला होता. जाळं कापलेलं होतं हे त्यांना सामना संपल्यावर कळलंच होतं, आणि त्यांनी ते शेठना सांगितलंही. पण आता उघड केलं तर निकालावर प्रश्न येणार, चषक दिला गेलेला, पाहुण्यांची भाषणं झालेली. तेव्हा बॉल बाहेरूनच गेला असं सगळ्यांनी म्हणायचं ठरलं होतं. शेठ दाजींना म्हणाले, "मास्टर, तमारे फक्त एटलुं ज बोलवानुं के बॉल बहारथी गयो. आपलं जाळं फाटू शकत नाही, बस. इसमें तुम्हारा भी नाम, मेरा भी नाम." म्हणजे बघा, काय मागत होते? जाळं फाटत नाही हे तर दाजी झोपेतसुद्धा म्हणाले असते. एक वाक्य म्हणायचं, नाव राहणार, पुढच्या हंगामाची ऑर्डर राहणार. दाजी म्हणाले, "शेठ, पण तो गोल होता." शेठ म्हणाले, "अरे भाई, गोल साथे आपणने शुं लेवादेवा? आपण जाळी विकतो."

दोन दिवसांनी वापीहून एक वार्ताहर घरी आला. चहा मीच केला, म्हणून हे मी कानांनी ऐकलेलं आहे. दाजी त्याला म्हणाले, "लिहून घ्या. माहं जायं फाटत नाही. ते कापलेलं होतं. बॉल आतून गेला. गोल होता." चारही वाक्यं सावकाश, मी मुलांना शुद्धलेखन घालते तशी. तो लिहीत होता, मान हलवत होता, बिस्किटंही खाल्ली त्याने. आणि छापलं काय? 'गोलच होता: जाळं बनवणाऱ्याची कबुली.' खाली जाळ्यात भोक असल्याचं मान्य केलं, एवढंच. कापल्याचा उल्लेख नाही. कबुली! चोर पकडल्यासारखा शब्द. तो पेपर मी चुलीत घालणार होते, ताईने घालू दिला नाही, म्हणाली, त्यांचं अन्न शिजतं त्या चुलीवर.

मग सगळ्यांनाच सोपं झालं. सामना भरवणारे म्हणायला लागले, भोक होतं म्हणता, तर मग माल निकृष्ट. शेठ म्हणायला लागले, माल आमचा चांगला, त्या खेपेला मास्टरकडून गाठी कच्च्या राहिल्या. हे त्यांनी विभागातल्या सगळ्यांना उभं करून, दाजींच्या समोर सांगितलं. ज्या पोरांना दाजींनी जाळ्यावर लोंबकळायला लावलं होतं ती दोघंही तिथं उभी होती. शेठचं बोलून झाल्यावर दोघंही आपापल्या यंत्राकडे निघून गेली. दाजींनी ते जाळं परत मागवा म्हणून धोशा लावला. कापलेलं सूत आणि तुटलेलं सूत कुणालाही ओळखता येतं, तुटलेल्याची पिसं निघतात, कापलेलं सरळ राहतं. तिकडून उत्तर आलं, जाळं टाकून दिलं. जाळी विभाग काढून घेतला आणि त्यांना गोदामात बसवलं. मास्टर म्हणणं मात्र कुणी सोडलं नाही, ते सवयीने म्हणत राहिले, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

मी भांडले त्यांच्याशी. खूप भांडले. म्हटलं, एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं? तो पोरगा कोण, कुठला, त्याला तुम्ही कोण हे माहीत तरी आहे का? दाजी जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "त्याले मी माहीत आहे का नाही, त्याच्यावर गोल ठरतो का, मेहुणीबाई?" मी म्हटलं, पण त्या गोलसाठी तुमचं नाव गेलं. तर म्हणाले, "जायं कशाले बनवलं होतं मी? भांडण मिटवाले ना? मग मीच खोटं बोलू?" त्यांचं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण राग आहे. तो पोरगा पुढे चांगला खेळला म्हणतात, बऱ्याच वर्षांनी कुणीतरी त्याला त्या सामन्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला म्हणे, तेव्हा नशीब नव्हतं. नशीब! सिल्वासात एक माणूस गोदामात पोती मोजत होता त्याच्या गोलपायी, आणि हा नशीब म्हणतो. त्याला माहीत नव्हतं, त्याची चूक नाही, हे मला कळतं. कळून राग जात नाही.

रविवारचं फुटबॉल त्यांनी सोडलं. म्हणजे सुरुवातीला जायचे. पण बॉल बाहेर गेला की कुणीतरी ओरडायचं, "मास्टरच्या जाळ्यातून गेला!" आणि सगळे हसायचे. वाईट हेतू नसेल त्यांचा. पोरं चेष्टेखोर असतात. पण जो माणूस बॉल जाळ्यात अडकला तेव्हा सगळ्यात मोठ्याने हसला होता, त्याला हे हसणं झेपेना. मैदानावरचं जाळं मग एका पावसाळ्यात खालून कुजलं, कुणी दुरुस्त केलं नाही, आणि पुन्हा प्रत्येक गोलवर भांडणं सुरू झाली. खोलीत बसून आम्हाला ऐकू यायची. दाजी उठून रेडिओ लावायचे.

सामना झाला त्याच वर्षी दिवाळीला कारखान्याने सगळ्या कामगारांना पुढच्या सालचं कॅलेंडर दिलं. शेठना सुपर कपची जाहिरात तर हवीच होती. वाद विसरला गेला होता, नाव कामाचं होतं. म्हणून त्या सामन्याचा एक मोठा रंगीत फोटो कुठल्याशा फोटोवाल्याकडून घेऊन कॅलेंडरवर छापला होता. गोलच्या मागून काढलेला. गोलकीपरची पाठ, त्याच्यापुढे झेपावणारे खेळाडू, हिरवंगार मैदान, आणि खाली शेठच्या कंपनीचं नाव. दाजींनी ते घरी आणलं, खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितलं आणि बाहेरच्या खोलीत स्वतः खिळा ठोकून टांगलं. मग पाहुण्यांची लाकडी खुर्ची उचलून बरोबर त्याच्यासमोर ठेवली. ताईला वाटलं, यांचं डोकं फिरलं. ज्या सामन्याने वाटोळं केलं त्याचं चित्र भिंतीवर?

मी दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात त्या खुर्चीवर चहा पीत बसले होते. समोर बघायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून चित्र बघत होते. आणि चित्राच्या वरच्या कोपऱ्यात, थोडं धूसर, पण दिसत होतं... पांढऱ्या धाग्यांची पाचसहा टोकं लोंबत होती. एका रेषेत, सरळ. पिसं नाहीत, काही नाही. आयुष्यात इतकं सूत कात्रीने कापलंय मी की मला सांगायला कुणी लागलं नाही. हा फोटोच त्या कापलेल्या खिडकीतून काढलेला होता. मी बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "दाजी, हे धागे कापलेले आहेत." ते कोपऱ्यात पेपर वाचत असल्याचं नाटक करत होते. पेपर खाली केला. त्या सगळ्या काळात मी त्यांना एकदाच असं हसताना पाहिलं. "एक झालं," म्हणाले. आणि उठून माझ्यासाठी दुसरा चहा स्वतः करून आणला. साखर डबल घातली होती.

मी म्हटलं, हे घेऊन आत्ताच्या आत्ता शेठकडे जाऊ, पेपरात देऊ. ताई म्हणाली, सरळ सांगून टाका सगळ्यांना. ते म्हणाले, "सांगून झालं ना एकदा. काय छापलं त्यांनी? आता बघू द्या. डोये दिलेत ना देवाने." त्यांचा हा हट्ट मला तेव्हाही पटला नाही आणि आताही पटत नाही. पण तो त्यांचा होता. मग जो येईल त्याला त्या खुर्चीवर बसवायचे. विम्याचा एजंट बसला, गॅसवाला बसला, रांगेतली झाडून सगळी माणसं बसली. एकदा कसल्याशा सहीसाठी मॅनेजरसाहेब स्वतः येऊन बसले, पाणी प्यायले, चित्राकडे बघत म्हणाले, "प्रिंटिंग काय छान आलंय." दाजी प्रत्येकाचे डोळे कुठं जातात ते बघत बसायचे. साल संपलं, कॅलेंडर जुनं झालं, नवं आलं. नवं ताईने स्वयंपाकघरात लावलं, कारण बाहेरचं ते उतरवू देईनात. तेच कॅलेंडर घरोघर टांगलं होतं, सामरवरणीत, खडोलीत, पार खेरडीपर्यंत. धडधडीत पुरावा सगळ्यांच्या भिंतीवर, आणि त्यावर लोक दुधाचे खाडे मांडत होते. असेच ते गेले.

शोकसभा होऊन गेल्यावर शेठ परगावाहून आले आणि ताईला भेटायला घरी आले. मोटार रांगेच्या टोकाला उभी राहिली. ताईने पाणी दिलं आणि खुर्चीकडे हात केला. सवयीने की मुद्दाम, ते मी तिला विचारलेलं नाही. शेठ बसले. बोलायला लागले, मास्टर बहु सारा माणस हता, फार चांगला माणूस, तुम्ही मला मुलीसारख्या, सांगा काय लागलं तर... बोलता बोलता समोर बघितलं. आणि वाक्य अर्धंच राहिलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. हा माणूस सुताच्या धंद्यात आयुष्य घालवलेला, त्याला कापलेलं सूत कळायला माझ्याइतकाही वेळ लागला नाही. ग्लास त्यांनी हातातच धरून ठेवला, तोंडाला लावला नाही. मग "गरम होतं इथं," म्हणून उठले आणि खाटेवर, कॅलेंडरकडे पाठ करून बसले. जाताना ताईच्या पाया पडल्यासारखे वाकले. ज्या एका वाक्यासाठी दाजी इतकी वर्षं बसून होते ते त्यांच्या तोंडाशी आलं होतं, मी बघितलं, आणि त्यांनी ते गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा शिपाई आला. हातात यंदाचं कॅलेंडर, लक्ष्मीचं चित्र असलेलं. म्हणाला, "शेठने भेजा है. बोले, पुराना वाला उतार के दे दो, मैं ले जाऊं." ताई दारात उभी होती. म्हणाली, "नवीन आम्हाला दिवाळीलाच मिळालंय. शेठना सांग, जुनं आमच्या यजमानांनी लावलंय, ते मी उतरवणार नाही." शिपाई घुटमळला, पुन्हा एकदा म्हणून बघितलं, आणि लक्ष्मी काखेत मारून परत गेला. ताईने दार लावलं. आत येऊन त्या खुर्चीवर बसली, जिच्यावर घरची म्हणून ती कधीच बसत नसे. घाटावर, शोकसभेत, कुठेच ती रडली नव्हती. कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "शालू, दोन झाले गं." आणि मग तिला जे रडू कोसळलं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. कॅलेंडर आहे तिथंच आहे. खुर्चीही आम्ही हलवलेली नाही.